सोलर, गीझर आणि स्मार्ट थर्मोस्टॅट: कोकणातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर गरम ठेवायची वेळ कोकणात कुणावर येत नाही. तापवायचं ते पाणी. आणि त्यासाठी आता बहुतेक घरांत एकाऐवजी दोन सोयी असतात: छपरावर सोलर आणि न्हाणीघरात गीझर, किंवा गॅस गीझर आणि विजेचा गीझर, कुठे अजून परसात बंबही. या जोडीला स्मार्ट थर्मोस्टॅट लावावा का, लावला तर कसा चालवावा, असे प्रश्न रायगडपासून सावंतवाडीपर्यंतच्या लोकांकडून पुन्हापुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तर दुसऱ्या प्रश्नात येऊन गेलं असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. गीझरला तापमानाचं गोल बटण असतंच. मग हा वेगळा थर्मोस्टॅट कशासाठी?

गीझरच्या बटणाला एकच गोष्ट कळते: पाणी ठरलेल्या अंशाला पोचलं की कॉइल बंद, उतरलं की चालू. किती वाजलेत, बाहेर ऊन आहे का, दोन तासांनी सोलर तेच पाणी फुकट तापवणार आहे का, याचा त्याला पत्ता नसतो. स्मार्ट थर्मोस्टॅट किंवा कंट्रोलर तापमानाच्या जोडीला घड्याळ बघतो, टाकीतल्या सेन्सरचा आकडा फोनवर दाखवतो आणि ठरवून दिलेल्या वेळेबाहेर कॉइलला हात लावू देत नाही. गीझरचं मूळ बटण आणि आतला कटआऊट (पाणी अति तापलं की वीज तोडणारा) मात्र तसाच ठेवायचा. नवा कंट्रोलर त्यांच्या जोडीला असतो, त्यांच्या जागी नाही.

२. आमच्याकडे फक्त विजेचा गीझर आहे. घ्यावा का?

नको. पंचवीस लिटरचा गीझर आंघोळीआधी वीस मिनिटं लावणारा माणूस घरात असेल तर तोच तुमचा थर्मोस्टॅट. पैसे वसूल होतात ते दोन इंधनं असतील तिथे, कारण तिथे महागडं इंधन नको तेव्हा चालू राहण्याची भीती असते.

३. सोलरच्या टाकीत कॉइल आहे आणि ती ‘ऑटो’वर आहे. तरी बिल का वाढतं?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि बाकीच्या निम्म्या प्रश्नांचं मूळही इथेच आहे.

समजा संध्याकाळी दोघांनी आंघोळ केली. टाकीतून गरम पाणी गेलं, खालून गार पाणी आलं. सेन्सरला गारवा कळला, ‘ऑटो’ने कॉइल चालू केली आणि रात्री नऊपर्यंत अख्खी टाकी ६० अंशांवर नेऊन ठेवली. रात्रभर ती थोडी उतरली की कॉइल पुन्हा चालू. सकाळी सूर्य उगवतो तेव्हा टाकी आधीच भरपूर गरम असते, सोलरच्या काचेच्या ट्यूबनी गोळा केलेली उष्णता ठेवायला जागा उरत नाही. दुपारी व्हेंट पाइपमधून वाफ निघताना दिसते. ती वाफ म्हणजे तुम्ही रात्री विकत घेतलेली वीज.

म्हणून दोन इंधनांच्या जोडीत ‘किती अंश’ यापेक्षा ‘किती वाजता’ हे जास्त महत्त्वाचं. कॉइलने सूर्याच्या आधी धावायचं नाही. सूर्याला पूर्ण दिवस द्यायचा आणि जे कमी पडेल तेवढंच, वापराच्या तासभर आधी, विजेने भरून काढायचं. स्मार्ट थर्मोस्टॅटच्या जाहिरातीत दहा गोष्टी सांगतात. आपल्याला त्यातली ही एकच हवी असते.

४. मग वेळापत्रक नेमकं कसं लावायचं?

सकाळी साडेपाच ते आठ आंघोळी होणाऱ्या घरासाठी: कॉइलला परवानगी पहाटे ४:३० ते ६, लक्ष्य ४५ अंश, फरक ३ अंश. म्हणजे पाणी ४२ च्या खाली असेल तरच कॉइल लागेल आणि ४५ ला बंद होईल. बाकी दिवसभर कॉइल कुलपात. उन्हाच्या दिवसांनंतर पफचं (उष्णता रोखणाऱ्या फोमचं) आवरण शाबूत असलेली टाकी रात्रभरात पाच-सात अंशच उतरते, त्यामुळे नोव्हेंबर ते मे या काळात बहुतेक पहाटे कॉइल लागणारच नाही.

शेतावरून किंवा दुकानातून आल्यावर संध्याकाळी आंघोळ करायची पद्धत असेल तर दुसरी खिडकी, म्हणजे कॉइलला परवानगीची वेळ, ५:३० ते ६:३० ची ठेवा, पण ती फक्त पावसाळ्यात चालू करा. उन्हाच्या दिवशी संध्याकाळी टाकी सर्वांत गरम असते.

हिशेबाला सोपा आकडा: १०० लिटर पाणी २७ अंशांवरून ४५ वर न्यायला सुमारे २.१ युनिट लागतात, म्हणजे दोन किलोवॉटच्या कॉइलला तासभर. तेच पाणी ६० पर्यंत नेलं तर ३.८ युनिट. दीडशे, दोनशे लिटरच्या टाकीला त्या प्रमाणात धरा आणि खिडकी तेवढी लांबवा.

५. ४५ अंश कमी नाही का? बाबांना कढत पाणी लागतं.

अंगावर घ्यायचं पाणी ४० ते ४२ अंशांचं असतं. कढत म्हणणाऱ्यांचंही ४४ च्या वर फारसं जात नाही, थर्मामीटर बादलीत बुडवून बघा. पाइप लांब असेल तर वाटेत दोन-तीन अंश जातात, तिथे लक्ष्य ४८ करा.

दुसऱ्या बाजूने एक गोष्ट लक्षात ठेवायची. साधारण २५ ते ४५ अंशांच्या साठलेल्या पाण्यात लेजिओनेलासारखे जिवाणू वाढू शकतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी ६० अंशांवर जायला हवी. उन्हाळ्यात हे काम सोलर आपणहून करतं. पावसाळ्यात कंट्रोलरमध्ये आठवड्याची एक वेळ लावून ठेवा आणि त्या दिवशी घरातल्या लहानग्यांना सांगून ठेवा, कारण ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं.

६. सेन्सर टाकीत नेमका कुठे बसवायचा?

टाकीत गरम पाणी वर राहतं, गार खाली. वर ५५ आणि तळाशी ३५ हे रोजचं चित्र आहे. सेन्सर तळाशी असेल तर वर भरपूर गरम पाणी असूनही कॉइल लागते. अगदी वरच्या टोकाला असेल तर दोन बादल्या शिल्लक असतानाही कंट्रोलर ‘सगळं ठीक’ म्हणतो. वरून एक तृतीयांशावर, कॉइलच्या थोडा वर, ही योग्य जागा. टाकीला सेन्सरसाठी बंद नळी दिलेली असते, सेन्सर तिच्यात पूर्ण आत ढकलून तोंड सिलिकॉनने बंद करा. नळीच नसेल तर बाहेर पडणाऱ्या गरम पाइपवर सेन्सर बांधून भागवता येतं, पण पाणी वाहत नसताना तो आकडा खोटा असतो. त्यावर वेळापत्रक लावू नका.

७. बाजारात हजार रुपयांत वाय-फायचा स्मार्ट प्लग मिळतो. तो गीझरला लावला तर?

दोन किलोवॉटचा गीझर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, तीन किलोवॉटचा १३. दहा अँपिअरचा प्लग इथे बसतच नाही. सोळाचा लिहिलेला प्लग दोन किलोवॉटला चालतो, पण तीन किलोवॉटच्या गीझरवर रोज तासभर चालवला की त्याची पिन आणि सॉकेट काळं पडायला लागतं. खाऱ्या हवेत पितळी पिनांवर थर चढतो, तिथे उष्णता अजून वाढते.

नीट पद्धत अशी: स्मार्ट स्विचने फक्त कॉन्टॅक्टरची (मोठा भार पेलणाऱ्या, विजेने लागणाऱ्या स्विचची) आतली छोटी कॉइल चालवायची, गीझरचा पूर्ण भार कॉन्टॅक्टरने उचलायचा. आधी एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारी). हे काम वायरमनकडूनच करून घ्या. त्याला अर्थिंगही तपासायला सांगा. जांभ्याच्या सड्यावरच्या घरांत एप्रिल-मेमध्ये जमीन इतकी कोरडी पडते की अर्थिंग नावालाच उरतं, आणि पाण्याच्या उपकरणाला हे परवडत नाही.

शिवाय प्लगला पाण्याचं तापमान कळत नाही, फक्त वेळ कळते. ढगाळ आणि लख्ख दिवस त्याला सारखेच.

८. वीज स्वस्त की गॅस? थर्मोस्टॅट कुठल्या इंधनाला पहिला मान देऊ?

पहिला मान सूर्याला, तो मुद्दा संपला. दुसऱ्या क्रमांकासाठी हा हिशेब करा. १४.२ किलोच्या सिलिंडरमधली उष्णता गॅस गीझरमधून पाण्यात उतरते ती साधारण दीडशे युनिट विजेएवढी. म्हणून सिलिंडरची आजची किंमत भागिले १५०. समजा सिलिंडर ९०० रुपयांना पडतो, तर उत्तर ६ रुपये. तुमची वीज युनिटला ६ रुपयांपेक्षा महाग असेल तर गॅस स्वस्त.

इथे एक खोच आहे. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि पुढे. गीझरचे युनिट बिलात वरच्या टोकाला पडतात, म्हणून बिलाची सरासरी धरू नका. तुम्ही ज्या टप्प्यात जाऊन थांबता त्या टप्प्याचा दर, वहन आकार आणि कर धरून घ्या. दोन माणसांच्या घरात ८० युनिट येत असतील तर फरक फारसा उरत नाही, विजेचा गीझरही चालेल. एकत्र कुटुंब ३०० च्या पुढे जात असेल तर उत्तर जवळजवळ नेहमी गॅसच्या बाजूने येतं.

९. मग गॅस गीझरलाच स्मार्ट थर्मोस्टॅट जोडता येईल का?

गॅसला हात लावायचा नाही. गॅस गीझर पाण्याचा प्रवाह सुरू झाला की पेटतो आणि थांबला की विझतो. त्याची सुरक्षा त्याच साखळीवर आहे, तिच्यात बाहेरचा रिले (विजेने चालणारा छोटा स्विच) घुसवणं धोक्याचं. नियंत्रण करायचं ते पाण्याचं. सोलरची टाकी पुरेशी गरम असेल तर पाणी सरळ न्हाणीघरात जावं, नसेल तर गॅस गीझरमधून फिरून जावं. यासाठी मोटारीचा तीनतोंडी व्हॉल्व्ह मिळतो, तो कंट्रोलर चालवू शकतो. खरं सांगायचं तर दोन साधे कॉक आणि टाकीचं तापमान दाखवणारा स्वस्त डिस्प्ले यांत नव्वद टक्के काम होतं आणि बिघडायला काही उरत नाही.

गॅस गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत. बंद न्हाणीघरात कार्बन मोनॉक्साइड साठून माणसं दगावली आहेत, त्या वायूला वास नसतो.

१०. सोलरचं गरम पाणी विजेच्या गीझरमध्ये सोडलं तर गीझर बिघडेल?

साठवणीच्या गीझरमध्ये सोडायला हरकत नाही, उलट हीच जोडणी मला टाकीतल्या कॉइलपेक्षा बरी वाटते. का, ते आकड्यांत बघा. पावसाळ्यात २०० लिटरची टाकी कॉइलने १८ अंश वर न्यायची तर सव्वाचार युनिट जातात. न्हाणीघरातला २५ लिटरचा गीझर तेवढाच वर न्यायला अर्ध्या युनिटाच्या जरा वर. एका माणसाला आंघोळ करायची असताना दोनशे लिटर कशाला तापवायचं?

दोन पथ्यं. येणाऱ्या गार नळावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा, नाहीतर गरम पाणी उलटं फिरतं. आणि मे महिन्यात टाकी ८० अंशांच्या पुढे जाते तेव्हा गीझरचा कटआऊट पडू शकतो, म्हणून गीझरला वळसा घालणारा एक कॉक ठेवा. तीन लिटरच्या इन्स्टंट गीझरला ही जोडणी देण्याआधी त्याच्या पुस्तिकेत आत येणाऱ्या पाण्याची कमाल मर्यादा बघा.

११. मुलाने अमेरिकेतून भारी स्मार्ट थर्मोस्टॅट आणलाय, त्यात ‘ड्युअल फ्युएल’ असंही आहे. तो इथे बसेल?

नाही, आणि प्रयोगही करू नका. तो २४ व्होल्टच्या नियंत्रण तारांवर चालतो, आपल्या २३० व्होल्टला जोडला तर जळेल. शिवाय तो खोलीतल्या हवेचं तापमान मोजतो. पाण्यात घालायचा सेन्सर त्याला नसतो.

तिथला ड्युअल फ्युएल म्हणजे घर तापवायला विजेवरचा हीट पंप आणि गॅसची भट्टी अशी जोडी. बाहेरची हवा जरा गार असेपर्यंत पंप स्वस्त पडतो. थंडी वाढत गेली की त्याची ताकद घटते, मग ठरलेल्या बाहेरच्या तापमानाला थर्मोस्टॅट पंप बंद करून भट्टी पेटवतो. दोन्ही एकदम चालू देत नाही, कारण भट्टीची गरम हवा पंपाच्या कॉइलवरून जाते आणि आतल्या वायूचा दाब भलता वाढतो. हे सगळं शून्याच्या आसपासच्या थंडीसाठी आहे. रत्नागिरीत जानेवारीच्या पहाटेही पारा तिकडच्या त्या बदलाच्या तापमानाला कधी शिवत नाही. म्हणून इंटरनेटवर वाचलेले त्या प्रकारचे आकडे इथे उपयोगाचे नाहीत.

१२. पाणी तापवायचा हीट पंप कोकणात चालतो का?

उत्तम चालतो. तो हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो आणि आपली हवा बारा महिने उबदार, दमट. एका युनिट विजेत तीन युनिटांएवढी उष्णता मिळणं इथे सहज शक्य आहे. लहान घराला किंमत जड जाते, पण सहा-आठ खोल्यांच्या होमस्टेला विचार करण्यासारखा आहे.

शत्रू एकच: खारं वारं. बाहेरच्या युनिटच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या किनाऱ्यावर झपाट्याने झिजतात. लेप दिलेल्या पट्ट्यांचं मॉडेल घ्या, समुद्राकडे तोंड करून बसवू नका, महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा. आणि स्मार्ट स्विचने त्याचा पुरवठा तोडू-जोडू नका. कॉम्प्रेसरला बंद-चालू यांत काही मिनिटांची विश्रांती लागते, त्यासाठी पंपाचं स्वतःचंच वेळापत्रक वापरा.

१३. पावसाळ्यात सोलर बंदच करून टाकू का?

मृग लागल्यापासून नवरात्रापर्यंत सोलरवर विसंबून राहता येत नाही हे खरं, पण बंद करू नका. हलक्या ढगांतही ट्यूब पाण्याला पाच-दहा अंशांची मदत करतात. २७ चं पाणी ३५ वर पोचलं म्हणजे गीझरचं जवळजवळ निम्मं काम झालं. फक्त पहाटेची खिडकी लांबवा (प्रश्न ४). गणपतीनंतर उघडीप मिळायला लागली की ती पुन्हा आखूड करायची आठवण फोनवर लावून ठेवा. बहुतेक जण पावसाळी सेटिंग होळीपर्यंत तसंच ठेवतात.

१४. लाईट गेली किंवा नेट गेलं तर?

घेण्याआधी दुकानदाराला विचारायचे तीन प्रश्न: वेळापत्रक यंत्रातच साठतं की फक्त कंपनीच्या सर्व्हरवर? घड्याळाला आत बॅटरी आहे का? लाईट परत आल्यावर यंत्र कुठल्या स्थितीत उठतं? तिसऱ्याचं उत्तर ‘बंद’ असं हवं. काही स्विच लाईट आली की चालूच होतात, मग दुपारी तीनला कुणी घरात नसताना कॉइल लागते.

वाय-फाय बहुतेक यंत्रांना २.४ गिगाहर्ट्झचंच लागतं आणि जांभ्याच्या दीड फुटी भिंतीतून ते मागच्या पडवीपर्यंत पोचत नाही. राऊटर हलवा किंवा मधे एक रिपीटर लावा. गीझर इन्व्हर्टरवर घ्यायचा विचार सोडून द्या.

आणि हाताने चालवायचा एक बायपास स्विच हवाच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पंपाशिवाय आपोआप फिरणाऱ्या सोलरला विजेची गरज नसते, पण गरम पाण्याच्या वाटेवर विजेचा व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला असेल तर तुमचं फुकटचं पाणीही अडकलं.

१५. संध्याकाळी व्होल्टेज पडतं. कंट्रोलर ‘टक टक’ आवाज करतो आणि पाणी तापत नाही.

कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर दोन किलोवॉटची कॉइल सव्वा किलोवॉटचीच उरते, तासाच्या कामाला जवळजवळ शंभर मिनिटं लागणार. पहाटे व्होल्टेज बरं असतं, हे पहाटेच्या खिडकीचं आणखी एक कारण. टकटक ही कॉन्टॅक्टरची. व्होल्टेज अपुरं पडलं की तो धरतो आणि सोडतो, त्यात त्याचे पॉइंट जळतात. व्होल्टेज ठरावीक पातळीच्या खाली गेल्यावर पुरवठा तोडणारा रिले बसवा.

१६. ॲपवर ३० अंश दिसतात, नळाला मात्र कढत पाणी. कोण खोटं बोलतंय?

ॲप. आणि हे हसण्यावारी न्यायचं नाही, कारण कंट्रोलर या खोट्या ३० वर विश्वास ठेवून कॉइल चालूच ठेवतो.

बहुतेक स्वस्त कंट्रोलरना एनटीसी जातीचा सेन्सर असतो. त्याचा रोध पाणी गार असताना जास्त आणि गरम होताना कमी होत जातो. छपरावरच्या जोडावर खारा ओलावा गेला, गंज चढला की तारेतच जादा रोध येतो आणि कंट्रोलर त्याचा अर्थ ‘पाणी गार’ असा लावतो. १० किलोओहमचा एनटीसी २५ अंशांना १० किलोओहम दाखवतो, वायरमनकडच्या मल्टीमीटरने दोन मिनिटांत खात्री होते. सेन्सरच्या टोकावर आणि कंट्रोलरच्या टोकावर वेगवेगळं माप आलं तर दोष जोडात. जोड सोल्डर करून जेल भरलेल्या डबीत घ्या. माकडांनी तार ओढली नाही ना, हेही बघा. छपरावरची सेन्सरची तार त्यांना फार आवडते.

याच कारणासाठी टाकीचा स्वतःचा यांत्रिक कटआऊट कधीही काढायचा नाही (प्रश्न १).

१७. वर्षभरात दुसरा कंट्रोलर गेला. किनाऱ्यावर टिकेल असा कुठला?

कुठलाही टिकेल, फक्त तो छपरावर बसवू नका. छपरावर सेन्सर, कंट्रोलर घरात. बाहेर ठेवणं भागच असेल तर आयपी ६५ ची (धूळ-पाणी आत न जाणारी) पेटी, तारा खालच्या बाजूने ग्लँडमधून (तार घट्ट धरणाऱ्या बुचातून) आणि भोकं पूर्ण बंद. नाहीतर उबेला पाली आणि मुंग्या आत जातात, आणि मुंग्या रिलेच्या पॉइंटमध्ये चिरडल्या की तो लागेनासा होतो. मे अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये विजा कडाडतात तेव्हा छपरावरची लांब तार तो झटका थेट यंत्रात आणते. त्यासाठी सर्ज संरक्षक लावा, आणि घर बंद करून जाताना सेन्सरची पिनही काढून ठेवा.

१८. आम्ही मुंबईला असतो. गावी निघताना पनवेलहून गीझर चालू केला तर पोचेपर्यंत पाणी तयार मिळेल?

मिळेल, घर चालू असेल तर. घर महिनोन्‌महिने बंद असेल तर हे करू नका. टाकीत पाणी आहे याची फोनवरून खात्री होत नाही. पाणी कुठून झिरपलं असेल, पंप चालला नसेल, तर कोरडी कॉइल तापून जळते आणि आग लागायचाही धोका असतो. शिवाय मुंबई-गोवा हायवेवर आठ तासांचे बारा तास कधी होतील सांगता येत नाही. शेजारच्या काकांना किल्ली देऊन टाकी भरली का ते बघायला सांगा आणि मग ॲपवर बोट ठेवा. पोचल्यावर अर्धा तास थांबणं हा त्याहून सोपा उपाय.

१९. शिमग्याला गेलो, मेमध्ये परत आलो तर सोलरच्या ट्यूब फुटलेल्या. थर्मोस्टॅट बंद होता, मग कशामुळे?

थर्मोस्टॅट कॉइल बंद करू शकतो, सूर्य नाही. वापर नसला की टाकी रोज उकळते, वाफ होऊन पाणी उडून जातं, ट्यूब कोरड्या होऊन भयंकर तापतात. आल्याआल्या भर दुपारी कॉक उघडला की गार पाणी तापलेल्या काचेला लागतं आणि ती तडकते. कोरडं सोलर नेहमी पहाटे, उजाडायच्या आत भरायचं. घर बंद करताना ट्यूबवर झावळ्या किंवा जाड शेडनेट बांधून ठेवा. माडाखाली सोलर असेल तर झावळ्यांखाली निदान वरून पडणाऱ्या नारळाचा थोडा मार तरी कमी बसेल, पण मुळात त्याची जागाच बदला.

२०. गणपतीत घरात पंधरा माणसं. त्या पाच दिवसांचं सेटिंग?

वीस लिटरच्या बादलीत ४० अंशांचं पाणी हवं असेल तर ६० अंशांचं ८ लिटर आणि बाकी गार. म्हणजे शंभर लिटर टाकीतून कागदावर बारा बादल्या. प्रत्यक्षात काढताना खालून गार पाणी मिसळतं, म्हणून नऊ-दहा धरा. तेवढ्या दिवसांपुरतं लक्ष्य ६० करा, खिडकी पहाटे ३ पासून आणि आंघोळी संपेपर्यंत कॉइल चालू. गॅस गीझर असेल तर अर्ध्या मंडळींना तिकडे वळवा, तो थकत नाही. विसर्जनानंतर जुनं सेटिंग परत लावा.

२१. आईला बंबाशिवाय आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही. बंबालाही काही स्मार्ट लावता येतं का?

सोडणं (नारळाच्या साली), करवंट्या, वाळकी लाकडं फुकट मिळत असतील तर आईचं गणित तुमच्या ॲपपेक्षा पक्कं आहे. विस्तवाला स्विच नसतो, त्यामुळे नियंत्रण असं काही नाही. स्टीलच्या दांडीचा सेन्सर पाण्यात सोडून ४५ ला घंटा वाजवणारा डिस्प्ले लावता येईल. बंबाचं पाणी सोलरच्या पाइपाला जोडायचा प्रयत्न मात्र करू नका.

२२. होमस्टे आहे. प्रत्येक पाहुण्याला हवं तेव्हा गरम पाणी लागतं, तिथे वेळापत्रक कसं चालणार?

मध्यवर्ती टाकीला प्रश्न ४ चं वेळापत्रक आणि प्रत्येक खोलीत छोटा गीझर, प्रश्न १० प्रमाणे. खोली रिकामी असताना तिचा गीझर काउंटरवरून कुलूपबंद ठेवता येतो, इथे स्मार्ट स्विचचे पैसे खरंच वसूल होतात. पंधरा दिवस न वापरलेल्या खोलीत पाहुणे येण्याआधी गीझर ६० वर नेऊन नळ दोन मिनिटं सोडा (कारण प्रश्न ५ मध्ये). न्हाणीघरातल्या पाइपाची लांबीही मोजा: पाऊण इंची पाइपात मीटरला पाव लिटर पाणी राहतं, वीस मीटर असेल तर प्रत्येक वेळी पाच लिटर गार पाणी वाया, आणि पाहुणा म्हणणार सोलर बंद आहे. गॅस वापरत असाल तर घरगुती सिलिंडर नाही, १९ किलोचा व्यावसायिक. प्रश्न ८ चा भागाकार त्याच्यासाठी २०० ने करा.

२३. आता छपरावर विजेचे सोलर पॅनेलही बसवले. मग पाणी तापवायचं सोलर काढून टाकू का?

चालू स्थितीत असेल तर काढू नका. तेवढ्याच जागेत ट्यूब पॅनेलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता गोळा करतात. ट्यूब फुटून, टाकी गळून मोठा खर्च समोर असेल तर मात्र नवीन घेण्याऐवजी साधा गीझर आणि पॅनेल ही जोडी पुरते. फेब्रुवारी २०२४ पासूनच्या पीएम सूर्य घर योजनेत तीन किलोवॉट आणि त्यावरच्या संचाला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे.

अशा घरात प्रश्न ३ चा नियम उलटतो. पॅनेलची वीज दुपारी तयार होते, म्हणून गीझरची खिडकी ११ ते ३ ठेवा आणि टाकी ६० पर्यंत नेऊन संध्याकाळ-सकाळ वापरा. नेट मीटर असेल तर दिवसाची शिल्लक वीज खात्यात जमा होते आणि वेळेचा फरक कमी पडतो. पण तुमच्या मीटरला वेळेनुसार दर लागू असेल तर बिलाच्या मागच्या बाजूला कुठल्या तासांना सवलत आहे ते बघा आणि खिडकी त्याच तासांत बसवा.